आर्मीचा ३० केव्हीएचा जनरेटर घरासाठी घ्यावा का?

प्रश्न : आम्ही पेडणे तालुक्यात, समुद्रापासून जवळ राहतो. जुनं घर, माडांचं भाट, विहिरीवर दीड एचपीचा सिंगल फेज पंप. पावसाळ्यात तारांवर फांदी पडली की गेलेली वीज कधी कधी दुसऱ्या दिवशीच येते. सासऱ्यांना आता घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागतो, त्यामुळे वीज गेली की आमचा जीव टांगणीला. वास्कोच्या एका जुन्या मालाच्या व्यापाऱ्याकडे मिलिटरीच्या लिलावातून आलेला ३० केव्हीएचा डिझेल जनरेटर आहे. पाटीवर ४१५ व्होल्ट, थ्री फेज, ५० हर्ट्झ, १५०० आरपीएम लिहिलंय, मीटरवर फक्त ४१२ तास. १ लाख १० हजार सांगतोय. मिस्टर म्हणतात, आर्मीचं मशीन आहे, त्याला मरण नाही, आणि चवथीला घर भरतं तेव्हाही पुरेल. दुसरीकडे इंटरनेटवर एका फौजीची जाहिरात आहे. बदली झाली म्हणून ५ केव्हीएचा जनरेटर ३५ हजारांत देतोय, पण आधी ५ हजार पाठवा म्हणतो. कुठला घ्यावा?
– एक वाचक, पेडणे

ताई, दोन्ही घेऊ नका.

फौजीचं आधी निकालात काढते. गणवेशातला फोटो, ओळखपत्राची प्रत, बदली झाल्याची कथा, ‘आर्मीच्या गाडीने घरपोच पाठवतो’ हे आश्वासन आणि आधी थोडे पैसे. या फसवणुकीचा हा ठरलेला साचा आहे. गाडी, फ्रीज, सोफा, सगळ्यासाठी हाच वापरतात. पैसे मिळवण्यासाठी कुणालाही क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही की पिन टाकावा लागत नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. पैसे पाठवले असतील तर आज, आत्ता, १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर फोन कराल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

आता वास्कोचा जनरेटर. व्यापारी खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही. लष्कराचा जुना माल खरोखरच बाजारात येतो, बहुतेक करून एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावातून. माल विकला जातो तो ‘जसा आहे, जिथे आहे’ या अटीवर. म्हणजे आत काय बिघडलंय, काय काढून घेतलंय, याची जबाबदारी विकणाऱ्यावर नाही. बोली लावणारा अख्खा लॉट उचलतो, त्यातली मशिनं जुळवतो, रंग मारतो आणि सुटी विकतो. हा धंदा सरळच आहे. पण गॅरंटी लष्कराने व्यापाऱ्याला दिलेली नसते, मग व्यापारी तुम्हाला कुठून देणार?

मुळात लष्कर मशीन काढून टाकतं कधी? एक तर त्याचं ठरलेलं आयुष्य संपलं, नाही तर दुरुस्तीचा खर्च परवडेना म्हणून ते ‘बीयॉन्ड इकॉनॉमिकल रिपेअर’ ठरवलं. तुमचे मिस्टर म्हणतात तो दणकटपणा खोटा नाही. जाड पत्रा, मोठा रेडिएटर, थंडीत-वाळवंटात चालायची तयारी, हे सगळं त्यात असतं. पण तो दणकटपणा एकट्या लोखंडाचा नसतो. त्यामागे ईएमईची, म्हणजे लष्कराच्या यंत्रदुरुस्ती विभागाची, कार्यशाळा असते, ठरल्या वेळी ऑइल आणि फिल्टर बदलणारी माणसं असतात, सुट्या भागांचं कोठार असतं. तुमच्या अंगणात मशीन येईल तेव्हा यातलं काहीच सोबत येणार नाही. एव्हीआर (व्होल्टेज स्थिर ठेवणारं कार्ड) किंवा गव्हर्नरचं (इंजिनाचा वेग धरून ठेवणारं) कार्ड गेलं, आणि ते त्या लष्करी मॉडेलपुरतंच बनवलेलं असलं, तर म्हापशात सोडा, मुंबईतही हातात पडायला आठवडे जातील. तेवढे दिवस सासऱ्यांचं काय करणार?

तरी नकाराचं माझं मुख्य कारण जुनेपणा नाही. मशीन तुमच्या घरासाठी फार मोठं आहे.

हिशोब करू. कॉन्सन्ट्रेटर ३५० वॅट धरा. फ्रीज चालू असताना १५०. चार पंखे ३००. दहा एलईडी दिवे १००. टीव्ही आणि वायफाय मिळून सव्वाशे. सगळं एकदम चालू असलं तरी साधारण १ किलोवॅट होतं. विहिरीचा पंप सुरू केला की आणखी दीड, म्हणजे अडीच. आणि ३० केव्हीएचा जनरेटर ०.८ पॉवर फॅक्टरने २४ किलोवॅट देतो. म्हणजे दिवसातला बहुतेक वेळ तो आपल्या ताकदीच्या चार-पाच टक्क्यांवर चालणार, पंप लावला की दहा टक्क्यांवर. चवथीला पाहुण्यांचे पंखे आणि माटोळीची रोषणाई धरली तरी आकडा फारसा हलत नाही.

डिझेल इंजिनाला असं रिकामं चालणं मानवत नाही. साधारण ३० टक्क्यांच्या खाली लोड असला की सिलिंडर पुरेसा तापत नाही, डिझेल पूर्ण जळत नाही, पिस्टनच्या रिंगांवर आणि व्हॉल्व्हवर कार्बन धरतो. न जळलेलं डिझेल आणि ऑइल मिळून काळा चिकट ओघळ सायलेन्सरच्या जोडातून खाली उतरतो. याला वेट स्टॅकिंग म्हणतात. मेकॅनिक तुम्हाला ‘इंजिन ऑइल ओकतंय’ असं सांगेल आणि खोलायचा खर्च काढेल. एवढं मोठं इंजिन नुसतं फिरत राहायलाच तासाला दीड-दोन लिटर डिझेल पितं. लिटरमागे नव्वदच्या आसपास धरलं तर बारा तासांची एक रात्र दोन हजारांच्या घरात जाते, आणि एवढ्या खर्चात चालणार काय, तर चार पंखे आणि एक कॉन्सन्ट्रेटर.

त्यात तो थ्री फेज आहे. ३० केव्हीए तीन फेजांत वाटले की एका फेजला १० आले. तुमचं घर सिंगल फेजवर असेल तर एका फेजवर सगळा भार आणि दोन फेज रिकामे, असा लंगडा लोड पडतो आणि व्होल्टेज एकसारखं राहत नाही. अल्टरनेटरची बारा टोकं बाहेर काढलेली असतील तर जोडणी बदलून त्यातून सिंगल फेज काढता येतो. पण ते जाणकाराचं काम आहे आणि आकाराचा प्रश्न त्याने सुटत नाहीच.

निदान तुमच्या पाटीवर ५० हर्ट्झ आहे. हा मजकूर वाचून आणखी कुणी वास्कोला निघाला असेल, तर किंमत विचारायच्या आधी पाटीवरचा हा आकडा वाचा. विमानं जमिनीवर उभी असताना त्यांना वीज देणारे संच ११५ व्होल्ट, ४०० हर्ट्झचे असतात. सैन्याकडे अशी यंत्रं असतात आणि तीही कधीतरी निकालात निघतात. ४०० हर्ट्झवर घरातला पंखा, फ्रीज, पंप यातलं काहीही धड चालणार नाही आणि इंजिनाचा वेग कमी करून तो ५० वर आणताही येत नाही. बरेच अमेरिकन लष्करी संच ६० हर्ट्झचे, १८०० आरपीएमचे असतात. ते १५०० वर उतरवून ५० हर्ट्झ मिळतात, पण ताकद सुमारे सहाव्या हिश्शाने घटते आणि व्होल्टेज नव्याने जुळवावं लागतं. पाटीच खरवडलेली असेल तर मागे फिरा.

आणि मीटरवरचे ४१२ तास. मीटर बदलता येतो हे एक. पण तो खरा असला तरी त्यावर भुलू नका, कारण रबराचं वय तासांवर मोजत नाहीत. होज, सील, पट्टे, इंजेक्शन पंपातले ओ-रिंग हे उभ्या मशिनीतही वाळतात, तडकतात. वीस वर्षांत ४१२ तास चाललेलं मशीन बहुतेक काळ कोठारात उभं होतं, आणि गोव्यासारख्या दमट हवेत उभं राहणं चालण्यापेक्षा वाईट. अर्धी भरलेली टाकी रात्री थंड झाली की आत पाणी धरतं, ते तळाशी बसतं, आणि डिझेल व पाणी भेटतात त्या थरात बुरशी-जिवाणू वाढतात. टाकीचं झाकण उघडून टॉर्च मारा. तळाला तपकिरी गाळ किंवा जेलीसारखा थर दिसला तर तो गाळ इंजेक्टरपर्यंत पोचलाय असंच समजा.

हे सगळं वाचूनही मिस्टरांचं मन त्या मशिनीवर असेल, तर पैसे देण्याआधी एवढं तरी कराच. येतो म्हणून आधी फोन करू नका. पोचल्या पोचल्या इंजिनाच्या ब्लॉकला हात लावा. गरम लागला तर तुमच्याआधीच कुणीतरी तो चालवून ठेवलाय, आणि थंड असताना तो कसा सुरू होतो हेच तर बघायचं असतं. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी गेलंय. रेडिएटरचं झाकण थंड असतानाच उघडा. पाण्यावर तेलाचा तवंग असेल तर हेड गॅस्केट किंवा त्याहून मोठं काहीतरी आहे. सुरू झाल्यावर थोडा पांढरा धूर चालेल, पण दहा मिनिटांनीही पांढराच येत असेल तर इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन गेलंय. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. मग लोड टेस्ट मागा. ‘चालू करून दाखवला’ म्हणजे टेस्ट नव्हे. पाण्यात बुडवलेले हीटर आणि हॅलोजन तिन्ही फेजांवर लावून किमान अर्धा तास चालवायला सांगा. रिकामा असताना ५२ हर्ट्झच्या आसपास आणि पूर्ण लोडला ५० च्या जवळ असला तर गव्हर्नर ठीक. लोड टाकताच ४७-४८ वर आला आणि वर चढेना, तर इंजिनात दम नाही.

एक टेस्ट व्यापारी स्वतःहून कधीच करणार नाही, ती म्हणजे अल्टरनेटरच्या वाइंडिंगची मेगर टेस्ट, म्हणजे तारांवरचं इन्सुलेशन शाबूत आहे का याची मोजणी. मशीन बंद, एव्हीआर सोडवलेला (नाही तर त्यातली इलेक्ट्रॉनिक्स जळतात), आणि ५०० व्होल्टचा मेगर वाइंडिंग व बॉडीमध्ये. १ मेगाओहमच्या खाली आला तर वाइंडिंगमध्ये ओल किंवा मीठ शिरलंय. ओल वाळवता येते. खाऱ्या हवेने खाल्लेलं इन्सुलेशन परत येत नाही, रिवाइंडिंगच करावं लागतं. सुरू करायला दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट लागतात, बऱ्याच लष्करी संचांत तशी सोय असते. गाडीच्या एका बॅटरीने काम भागेल असं धरू नका.

आवाजाचंही आहे. १ जानेवारी २००५ नंतर बनलेल्या जनसेटला कॅनोपीसह (आवाज अडवणाऱ्या बंद पेटीसह) १ मीटरवर ७५ डेसिबलची मर्यादा आहे. उघडा लष्करी संच त्याच्या कितीतरी वर जातो. रहिवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल. वाड्यावर शेजाऱ्यांची घरं किती अंतरावर आहेत ते तुम्हाला माहीत. तक्रार झाली तर बाजू तुमची पडेल.

आता जे सांगते ते जनरेटर कुठलाही घ्या, लहान घ्या की मोठा, लागू आहेच. दोन्ही टोकांना प्लग लावलेली वायर करून जनरेटरची वीज भिंतीतल्या सॉकेटमधून घरात सोडणारे लोक मी पाहते, आणि प्रत्येक वेळी माझ्या पोटात गोळा येतो. मेन स्विच पाडायला एकदा विसरलात की तुमचे २३० व्होल्ट सर्व्हिस वायरमधून उलटे खांबावर जातात, आणि ट्रान्सफॉर्मर ते ११,००० व्होल्ट करून लाइनवर सोडतो. त्या वेळी खांबावर कोण असणार? तुमचीच वीज आणायला पावसात चढलेला वीज खात्याचा लाइनमन. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळानंतर गोव्यात कितीतरी गावं दिवसच्या दिवस अंधारात होती आणि हीच माणसं रात्रंदिवस खांबावर होती. म्हणून चेंजओव्हर स्विच हवाच, आणि तो फेजबरोबर न्यूट्रलही तोडणारा हवा. सिंगल फेजला दोन पोलचा, थ्री फेजला चार पोलचा. ‘मी लक्षात ठेवून मेन पाडतो’ ही सोय चालणार नाही. लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या आणि त्या क्षमतेच्या संचाला विद्युत निरीक्षकांची परवानगी लागते का तेही त्यालाच विचारून घ्या.

तसंच अर्थिंग. मैदानात वापरायच्या संचांत न्यूट्रल बहुधा मोकळा सोडलेला असतो, अर्थला जोडलेला नसतो. तसाच घराला लावला तर तुमचा ईएलसीबी (करंट जमिनीत गळाला की वीज तोडणारा स्विच) शॉक लागला तरी पडणार नाही, आणि तो आहे म्हणून तुम्ही निर्धास्त राहाल. आपल्याकडे जांभा दगड, एप्रिल-मेमध्ये जमीन वाळली की अर्थचा रोध चढतो. जनरेटरला स्वतंत्र अर्थ घ्या आणि उन्हाळ्यात एकदा मोजून घ्या. जनरेटर सोप्यावर, पडवीत किंवा सासऱ्यांच्या खिडकीखाली ठेवू नका. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि ज्यांची फुफ्फुसं आधीच दमलेली आहेत त्यांना तो सगळ्यात आधी मारतो.

मग घ्यायचं काय? तुमच्या पत्रातला खरा प्रश्न जनरेटरचा नाहीच. वीज गेल्यापासून पहिल्या मिनिटाला सासऱ्यांचा श्वास कसा चालू राहील, हा तुमचा प्रश्न आहे. जनरेटर कितीही चांगला असला तरी अंधारात, पावसात कुणीतरी बाहेर जाऊन तो सुरू करेपर्यंत पाच-दहा मिनिटं जातातच. म्हणून सगळ्यात आधी, याच आठवड्यात, डॉक्टरांशी बोलून एक भरलेला ऑक्सिजन सिलिंडर रेग्युलेटरसकट घरी आणून ठेवा आणि किती प्रवाहावर तो किती तास पुरेल ते त्यांच्याकडून लिहून घ्या. घरातल्या दोघांना तरी तो जोडता आला पाहिजे. डिझेल-ऑइल-ग्रीसचे हात त्या व्हॉल्व्हला कधीही लावायचे नाहीत, त्याने आग लागू शकते. आणि त्या खोलीत मेणबत्ती किंवा कंदील नको.

त्यानंतर इन्व्हर्टर, प्युअर साइन वेव्हचाच, म्हणजे खांबावरून येते तशीच वीज देणारा. त्यावर फक्त कॉन्सन्ट्रेटर, दोन पंखे आणि दोन-चार दिवे, म्हणजे साडेपाचशे वॅटच्या आत. ५ किलोवॅट-तासांची लिथियम बॅटरी हा भार आठेक तास ओढते, म्हणजे रात्र निघते, आवाज नाही, धूर नाही. ट्यूब्युलर (पाणी घालायची नेहमीची) बॅटरी स्वस्त पडते, पण पूर्ण चार्ज व्हायला तिला आठ-दहा तास लागतात. वीज दुसऱ्या दिवशीच येत असेल तर बॅटरी जनरेटरवर चार्ज करावी लागणार, आणि आठ तास जनरेटर चालवायचा असेल तर बॅटरीचा उपयोग काय? लिथियम दोन-अडीच तासांत भरते. तुमच्या घरासाठी मी तिच्यावरच जास्त पैसे घालीन.

जनरेटर शेवटी, आणि ५ केव्हीएचा सिंगल फेज, ५० हर्ट्झ, ज्याचे फिल्टर आणि पट्टे म्हापशाच्या दुकानात मिळतात असा. वापरलेला मिळाला तरी चालेल, वरच्या सगळ्या टेस्ट त्यालाही करा. तो दर सात-आठ तासांनी, बॅटरी उतरायच्या आधी, दोन-अडीच तास चालवायचा. आधी विहिरीचा पंप सुरू करायचा, कारण सुरू होताना पंप कित्येक पट करंट ओढतो, आणि पंपाने वेग घेतला की मग बॅटरीचं चार्जिंग व फ्रीज. चार्जिंगचे दोन आणि पंपाचे दीड, असे साडेतीन किलोवॅट झाले. ५ केव्हीएच्या इंजिनाला हा भरगच्च लोड आहे, त्यात ते नीट तापतं, नीट जळतं आणि वर्षानुवर्षं टिकतं. पाऊस नसतानाही महिन्यातून एकदा अर्धा तास असाच लोड टाकून चालवा. टाकी भरलेली ठेवा आणि साठवलेलं डिझेल सहा-आठ महिन्यांत वापरून संपवा.

सोलरचाही विचार तुमच्या मनात येईल. पीएम सूर्य घर योजनेत ३ किलोवॅटच्या पॅनेलला ७८ हजारांचं अनुदान आहे, बिल कमी होईल. पण ग्रिडला जोडलेला साधा सोलर वीज गेली की सुरक्षेसाठी आपोआप बंद होतो, त्याला बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. आणि जून-जुलैच्या झडीत, जेव्हा तुम्हाला वीज हवी, तेव्हाच ऊन नसतं. इन्व्हर्टर घेतानाच हायब्रिड घेतलात तर पॅनेल पुढे कधीही जोडता येतील.

वास्कोचा तो ३० केव्हीएचा संच वाया जाण्यासारखा नसेलही. काजूचा कारखाना, बर्फाचा कारखाना, वीस फ्लॅटची सोसायटी, जिथे लिफ्ट आणि मोठे पंप आहेत, जिथे थ्री फेज आहे आणि जिथे देखभालीला माणूस ठेवलेला आहे, तिथे तो टेस्टमध्ये उतरला तर मी ‘घ्या’ म्हणेन. मिस्टरांना हेही सांगा. त्यांची नजर चुकलेली नाही, घर वेगळं आहे.

आणि एक कागद आजच लिहा. तुमच्या भागातल्या वीज खात्याच्या सहाय्यक अभियंत्याला अर्ज द्या : घरात ऑक्सिजनवरचा रुग्ण आहे, ग्राहक क्रमांक अमुक, तुमच्या घराकडे येणाऱ्या तारांवर माडाची झावळं टेकतात ती जागा अमुक. सोबत डॉक्टरांचा दाखला जोडा, पोच घ्या, आणि छाटणी पाऊस लागायच्या आधी होईपर्यंत दर आठवड्याला त्या पोचेचा क्रमांक सांगून फोन करत राहा.